वसुलीचा ढोल

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. धुळ्याहून जळगावकडे येताना लागतं, एवढं पुरे. मला अजून तिथंच राहायचं आहे आणि नळाचं पाणीही तिथलंच प्यायचं आहे. तर आमच्या पालिकेनं घरपट्टी वसुलीची एक युक्ती काढली. ज्याची पट्टी थकली असेल त्याच्या दारात ढोल वाजवायचा. दोन ढोलवाले आणि एक वसुली कारकून. घरचा माणूस पैसे घेऊन बाहेर येईपर्यंत, नाहीतर लाजेनं कडी लावून बसेपर्यंत वाजवत राहायचं. नोटिशीला कुणी भीक घालत नाही, पण अब्रूला सगळे भितात, असा त्यामागचा विचार होता.

पहिल्यांदा आमच्या गल्लीत ढोल आला तो समोरच्या रिक्षावाल्याच्या दारात. आमच्याकडे दारात ढोल म्हणजे लग्न, नाहीतर निवडून आलेला नगरसेवक. माझ्या सासूबाईंना कमी दिसतं. त्यांनी घाईघाईनं ताट केलं, निरांजन लावलं आणि जाऊन वसुली कारकुनालाच ओवाळलं. त्यानंही मान खाली घालून निमूट कुंकू लावून घेतलं. वसुलीच्या नोकरीत त्याला दुसऱ्या कुणी कधी ओवाळलं असेल असं वाटत नाही. आम्ही पोट धरून हसलो. रिक्षावाला मात्र खिडकीच्या फटीतून बघत होता, आणि दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या बोळानं जायला लागला.

आमच्या शेजारी अक्का राहते. शिंदखेड्याकडची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पदरी एकच मुलगी. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी होती आणि अर्ध्या कॉलनीचं दळण तिच्याकडे यायचं. दादर ज्वारी, गहू, कळण्याच्या भाकरीचं पीठ, सगळं. त्या गिरणीवर तिनं मुलीला बी.एस्सी. केलं. नवऱ्याच्या आजारपणात घरपट्टी राहिली ती राहिलीच. मूळ पट्टी फार नव्हती. तिच्यावर दर महिन्याला जो दंड चढतो, ज्याला पालिकेत शास्ती म्हणतात, तो मात्र मुळाला मागे टाकून गेला होता. रविवारी मुलीला बघायला पिंप्राळ्याचे पाहुणे येणार होते. आणि नेमकं तेव्हाच कारकून सांगून गेला की आता ढोल तुमच्या बाजूच्या घरांना लागणार.

अक्का माझ्याकडे आली. ‘‘बाई, ढोल वाजना ते पाव्हना दारमाईनच परत जातीन. आते काय करू?’’

मी शाळेत शिक्षिका होते, साहेब लोकांशी बोलायची मला सवय आहे. म्हटलं, चल, पालिकेत जाऊ, हप्ते मागू, शास्ती थोडी सोडा म्हणू. तिथल्या वसुलीच्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हप्ते नाहीत, आणि शास्तीतला एक रुपयासुद्धा सोडायचा अधिकार कुणाला नाही, कायदा आहे. कायदा म्हटल्यावर आम्ही उठलो. शुक्रवारी अक्कानं गिरणी विकली. टेम्पो आला, चौघांनी ती उचलून नेली, आणि अक्का पालिकेत जाऊन सगळं भरून आली, शास्तीसकट. रविवार शांततेत गेला. मुलगी पसंत पडली. अक्कानं मला पेढा दिला आणि म्हणाली, ‘‘गिरणी गई ते गई बाई, पोरनं चांगलं व्हयनं.’’ मलाही बरं वाटलं.

आता भाऊंचं सांगते. स्टेशन रोडला त्यांचं मंगल कार्यालय आहे, गावातलं सगळ्यात मोठं. कार्यालय बांधलं तेव्हापासून त्याची पट्टी थकलेली आहे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगायचं. मग त्यांच्या दारात ढोल का जात नाही? मी त्या ढोलवाल्यालाच भाजीबाजारात गाठलं. तो म्हणाला, ‘‘ताई, तिथं आमचा ढोल रोजच वाजतो. लग्नसराईत आमचं पोट त्यांच्यावर आहे. आणि पालिकेकडून वाजवला तरी लोक विचारतील, नवरदेव कुठाय?’’ मी बटाटे घेतले आणि घरी आले.

पावसाळा संपता संपता पालिकेनं अभय योजना जाहीर केली. थकबाकीदारानं मूळ पट्टी एकरकमी भरली की शास्ती पूर्ण माफ. ज्यांनी शास्तीसकट आधीच भरलं होतं त्यांच्याबद्दल चकार शब्द नव्हता. जो कायदा अक्कासाठी एका रुपयाला वाकत नव्हता तो आता आपणहून आडवा झाला. भाऊंनी पहिल्याच दिवशी चेक दिला. पालिकेनं त्यांना शाल-श्रीफळ देऊन आदर्श करदाता म्हणून गौरवलं, पेपरात फोटोही आला. दिवाळीनंतर कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर एसी हॉलचं काम सुरू झालं.

मी अक्काला घेऊन पुन्हा पालिकेत गेले. तिनं विचारलं, ‘‘साहेब, मना दंड परत भेटी का?’’

‘‘भरलेला परत देता येत नाही, अक्का,’’ साहेब म्हणाले. ‘‘तुम्ही थोडं थांबायला हवं होतं.’’

थांबायला! दारात ढोल पाठवणाऱ्यानं हे म्हणावं. मी तिथं जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. थांबायलाही ऐपत लागते, आणि ती ज्याच्याकडे असते त्यालाच माफी मिळते. टीव्हीवर टाय लावलेले लोक सांगतात की मोठ्यांचा कर कमी केला की ते पैसा गुंतवतात आणि तो झिरपत खाली येतो. असेलही. मी मराठी शिकवलं, अर्थशास्त्र नाही. मी एवढंच बघितलं की पालिकेला एकाकडून जे मिळालं नाही ते तिनं दुसऱ्यांकडून काढलं. पुढच्या वर्षी पाणीपट्टी वाढली. भाऊंची, माझी आणि अक्काची, सारखीच वाढली. तेवढ्यापुरती आमच्या गावात समानता आली.

अक्का आता लोकांकडे पापड लाटायला जाते. स्वतःचं दळण डब्यात घालून दुसऱ्याच्या गिरणीवर नेते आणि रांगेत उभी राहते. तिला त्याचं काही वाटत नाही म्हणते. मला वाटतं. त्या रांगेत तिला बघितलं की माझं डोकं फिरतं.

लग्नाची तारीख निघाली. मुलाकडच्यांचा एकच हट्ट होता, कार्यालय चांगलं पाहिजे. म्हणजे भाऊंचंच. अक्का मला सोबत घेऊन गेली. भाऊ माणूस म्हणून गोड. खुर्च्या दिल्या, चहा मागवला, ‘‘तुमची मुलगी ती माझी मुलगी’’ म्हणाले आणि भाडं खरोखरच थोडं कमी केलं. मग त्यांनी बिल पुढे सरकवलं. भाड्याच्या खाली टॅक्स लावलेला होता.

अक्कानं त्यावर बोट ठेवलं. ‘‘भाऊ, हाई बी थोडं सोडी द्या ना.’’

भाऊंनी हात जोडले. ‘‘अक्का, माझं असतं तर लगेच सोडलं असतं. पण हा टॅक्स आहे, सरकारचा. तो कुणालाच सुटत नाही.’’

मी अक्काकडे पाहिलं. म्हटलं, आता ही बोलणार, आणि ही नाही बोलली तर मी बोलणार.

‘‘खरं शे भाऊ,’’ अक्का म्हणाली. ‘‘सरकारनं शे ते भरनंच पडी.’’ आणि तिनं पिशवीतून पैसे काढले. तिनं टोमणा मारला नव्हता.