कानसाहेबांची वही

समुपदेशक हा शब्द आमच्या कारखान्यात कुणाच्या जिभेवर बसेना. म्हणून कामगारांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव 'कानसाहेब' ठेवलं. माणूस बोलायचा कमी, ऐकायचा जास्त, आणि कानही चांगले सुपाएवढे. नाव त्यांच्यापर्यंत पोचलं तेव्हा मला म्हणाले, "सिस्टर, याहून वाईट नावं पडलीत मला."

मी तिथल्या प्रथमोपचाराच्या खोलीतली नर्स. अपघात झाला आणि कंपनीनं त्यांना मंगळवार-शुक्रवार यायला नेमलं. जागा कुठली? तर माझ्याच खोलीत प्लायवूडचा आडोसा घालून निम्मी त्यांना दिली. वर माझ्या बँडेजच्या कपाटातला एक कप्पाही. माझी चिडचिड झाली, पण मला विचारतो कोण!

त्या अपघातात एक फिटर गेला. क्रेनची साखळी तुटली आणि लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा त्याच्या अंगावर आला. क्रेनवर होता माझा सख्खा धाकटा भाऊ. अकरा वर्षं दोघं एका डब्यात जेवले होते. त्या दिवसापासून भावाला झोप नाही, जेवण नाही, तोंडातून शब्द नाही. शेवटी मीच त्याला दंडाला धरून आडोशापलीकडे नेऊन बसवलं.

प्लायवूड ते किती जाड असणार? ऐकायचं नाही म्हटलं तरी पलीकडचं कानावर पडायचं. पण पहिले तीन आठवडे पडायला काही नव्हतंच. दोघं नुसते बसून असायचे. खुर्च्यासुद्धा समोरासमोर नाहीत, तिरक्या, दोघांनाही खिडकी दिसेल अशा. समोर बसून कुणी डोळ्यांत बघायला लागलं की माणूस उत्तरं देतो, बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा तोंडावरच म्हटलं, "अहो, काहीतरी समजावा ना त्याला! तुझी चूक नाही म्हणा."

"ते सगळेच म्हणतात," ते म्हणाले. "म्हणून तर तो गप्प आहे."

चौथ्या आठवड्यात त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "क्रेनच्या केबिनपर्यंत शिडीला पायऱ्या किती?"

"बेचाळीस," भाऊ म्हणाला.

"पहिलीवर उभं राहिलं की काय दिसतं?"

असं त्यांनी त्याला खुर्चीत बसल्याबसल्या शिडी चढवायला घेतलं. एका दिवशी चार पायऱ्या, कधी दोनच. भावाला घाम फुटला की थांबायचे, तेवढ्या पायऱ्या परत उतरवायचे आणि मगच घरी सोडायचे. मधेच लटकवून कुणाला घरी पाठवायचं नाही, हा त्यांचा नेम. सव्विसाव्या पायरीशी तर आम्ही तीन आठवडे अडकलो होतो. आम्ही म्हणतेय, कारण अलीकडे बसून मीही चढतच होते की.

चार महिन्यांनी खरी शिडी. पुढे भाऊ, मागे कानसाहेब, सुटलेलं पोट सांभाळत, डोळे गच्च मिटून. त्यांना उंचीची भीती, हे आम्हाला तेव्हा कळलं. खाली सगळे हसत होते. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

वर कानसाहेबांना काय सांगितलं ते भावानं संध्याकाळी मलाही सांगितलं. अपघाताच्या दिवशी साखळी कुरकुरलेली त्यानं ऐकली होती. एवढी फेरी टाकू आणि मग सुपरवायझरला सांगू, असं त्याच्या मनात आलं. त्याच फेरीत ती तुटली. इतके दिवस हे त्याच्या पोटात होतं.

"ताई, हे वहिनींना मला सांगायचंय. मीच सांगायचंय." वहिनी म्हणजे फिटरची बायको.

कानसाहेबांनी त्याला ढकललं नाही, अडवलंही नाही. पहिलं वाक्य कोणतं, ती शिव्या घालायला लागली तर काय, दारच उघडलं नाही तर काय, सगळं बोलून घेतलं. शुक्रवार ठरला. त्या आठवड्यात भाऊ पोटभर जेवला.

आता त्या वहीचं सांगते. माणूस उठून गेला की कानसाहेब त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचे. आपले शब्द घातले की माणूस बदलतो, म्हणायचे. वही माझ्या कपाटात, कुलपात. बुधवारी ऑफिसातले साहेब आले, म्हणाले, "औषधांचा साठा तपासायचाय, चावी द्या." दिली मी. काडीचाही संशय आला नाही. अक्कल गहाण पडली होती माझी!

साखळी जुनी होती, हे कंपनीला झाकायचं होतं. गुरुवारी चौकशी बसली, भाऊ आणि कानसाहेब दोघांनाही बोलावलं. अपघाताच्या वेळी धावत गेलेली म्हणून मलाही बोलावलं होतं. वहिनींना तर मुद्दाम गाडी पाठवून आणलं, आणि त्यांच्यासमोर त्या वहीतलं वाचून दाखवलं, "साखळी कुरकुरली. मी ऐकलं."

"हे अक्षर तुमचंच ना?" साहेबांनी विचारलं.

"त्या खोलीतलं मी इथं बोलणार नाही," कानसाहेब म्हणाले. पुन्हा विचारलं तरी तेच.

मग भाऊच उठला. "अक्षर त्यांचं. शब्द माझे."

संध्याकाळपर्यंत त्याला कामावरून काढलं. कानसाहेब आडोशाशी येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक. "वही इथं ठेवायलाच नको होती. चूक माझी."

"चावी मी दिली."

"चावी कुणाला द्यायची नाही, हे मी तुम्हाला कुठं सांगितलं होतं?"

"हा समजूतदारपणा नका दाखवू हो! दोन शिव्या घाला मला!" मी ओरडले. त्यांनी नाही घातल्या.

शुक्रवारी भाऊ तरीही निघाला. मी बरोबर गेले. वहिनींच्या इमारतीखाली कानसाहेब आधीच येऊन थांबले होते. तिसऱ्या मजल्यावर वहिनींनी दार अर्धवट उघडलं आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"वहिनी, मी आज येणारच होतो सांगायला," भाऊ म्हणाला. ठरवलेलं पहिलं वाक्य हे नव्हतं.

"सापडलात म्हणून आलात, भावोजी."

"नाही हो, आजचाच दिवस ठरला होता." तो मागे वळला. "सर, सांगा ना त्यांना."

चौकशीत तोंड न उघडणारा तो माणूस पुढे झाला. "खरं आहे बाई. दोन आठवडे आम्ही याचीच तयारी करत होतो."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला पगार कोण देतं?"

कानसाहेबांना खोटं बोलता आलं असतं. निदान गप्प राहता आलं असतं.

"कंपनी," ते म्हणाले.

वहिनींनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

आम्ही तिघं खाली आलो. फाटकाशी कानसाहेब म्हणाले, "मंगळवारी मी तुमच्या घरी येतो."

"नको सर," भाऊ म्हणाला. "आता सांगण्यासारखं काही उरलं नाही माझ्याकडे."