नखभर फट

आयर्लंडमधल्या ट्रलीत आमच्या हॉस्पिटलसमोरच्या जुन्या चर्चवरची लाकडी कौलं बदलायचं काम चाललं होतं. कौलं कसली, ओकच्या वीतभर रुंद फळ्याच त्या! सत्तरीचा एक कारागीर ओठांत खिळे धरून प्रत्येक फळी कानाशी नेई, बोटाने वाजवी आणि आवाज पसंत पडला तरच ठोकी. चर्चच्या कमिटीने त्याला बजावलं होतं, की या खेपेला गळलं तर लाकूड कायमचं बंद, वर स्लेटची दगडी कौलं घालणार. लाकडी छपरं करणारा आसपास तो एकटाच उरला होता.

आणि हा पठ्ठ्या दोन फळ्यांमध्ये चक्क नखभर फट सोडत होता! मला राहवेना. खालून ओरडलो, "अहो, फट राहिली! गळेल ना!"

त्याने खिळे हातात काढून घेतले. "तुम्ही कोण?"

"सर्जन."

"मग टाके करकचून आवळता का?"

"छे! जखम सुजते. जागा ठेवावी लागते."

"पावसात लाकूडही सुजतं, डॉक्टर. शिवाय फटीखाली दुसरी फळी आहेच." खिळे परत ओठांत गेले. संभाषण संपलं.

ट्रलीच्या या केरी परगण्यात पावसाची वाट फार पाहावी लागत नाही. काम संपलं त्याच आठवड्यात तो धो धो कोसळला. मी जेवणाचा डबा तसाच टाकून चर्चमध्ये धावलो. कारागीर शेवटच्या बाकावर, मांडीवर टोपी उलटी ठेवून, वर बघत बसला होता. मीही शेजारी बसलो.

बऱ्याच वेळाने त्याने टोपीत हात फिरवला; आत थेंबही नव्हता. मग ती डोक्यावर चढवली आणि म्हणाला, "ग्रँड."