शेपटीचा तुकडा

मी माटुंग्याच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी नियमित वाचायचे, पण वाचताना मनात चालूच असायचं – ही बाई अर्धवट झोपेत असेल, हा माणूस आधीच घाबरलेला असेल. भूतखेत मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी लिहायला बसले, कारण आई गेली आणि आता ही गोष्ट माहीत असलेली आमच्या घरात मी एकटीच उरले.

घर म्हणजे लालबागच्या चाळीतल्या दोन खोल्या. आई, मी आणि मोठा भाऊ विलास, माझा दादा. आम्ही दोघंही बिनलग्नाचे. दादाला एकच नाद होता, गळाचा. बंडू आणि नितीन या मित्रांबरोबर महिन्यातून एकदा भाऊच्या धक्क्यावरून बोट भाड्याने घ्यायची, खोल पाण्यात जायचं, मोठा मासा काढायचा आणि तिथेच बोटीवर रांधून खायचा. येताना आईसाठी शेपटीचा तुकडा आणायचा. तिला तोच आवडायचा. दादा तो वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधायचा – एकदा आडवी, दोनदा उभी, आणि वर बोटात अडकवायला एक फास.

चार वर्षांपूर्वी अशाच एका ट्रिपमध्ये जेवणं झाल्यावर तो टोप विसळायला बोटीच्या मागच्या टोकाला गेला. बंडू म्हणतो, फार तर दोन मिनिटं झाली असतील. टोप तिथे होता, दादा नव्हता. दोन दिवस शोधलं. काही मिळालं नाही… चप्पलसुद्धा नाही.

त्या दिवसापासून आईने मासे सोडले. मालवणात वाढलेली, माशाशिवाय घास न उतरणारी बाई. मी एकदा बाजारातून पापलेट आणलं तर पिशवी न उघडताच म्हणाली, "खयच्या माशान काय खाल्ल्यान, माका काय ठावक?"

त्यानंतर मी कधी आणलं नाही.

देह मिळाला नसेल तर दर्भाचा पुतळा करून विधी करतात, असं भटजींनी सांगितलं. आई म्हणाली, "गवताक आग लावन माझो झील सुटतलो?" रोज दोन्ही वेळा दादाचं ताट वाढायची, झाकून ठेवायची आणि स्वतः चार घास चिवडून उठायची. तिचे ब्लाउज मी दोनदा आत घेतले, तरी खांद्यावरून उतरायचे. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. शेवटी तिने एक अट घातली – तो जिथे गेला तिथलं पाणी आणून दाखव, मग करू त्याचे दिवस.

मला तेवढंच हवं होतं. दादा गेला हे तिने मानावं आणि जेवावं.

जानेवारीतला रविवार होता. बंडू आणि नितीनने तीच बोट ठरवली. बोट चालवणारा तांडेल काशिनाथही तोच. त्याच्याबरोबर नवशा नावाचा एक खलाशी, तोच स्वयंपाकही करायचा. म्हणजे बोटीवर आम्ही पाच जण. हा आकडा मी नंतर इतक्या वेळा मोजलाय की आता झोपेतही सांगेन.

साडेअकराच्या सुमारास काशिनाथने इंजिन बंद केलं. "हीच जागा, ताई." चारी बाजूंना नुसतं पाणी. मी वाकून बाटली भरली, झाकण लावलं, पिशवीत ठेवली. बायका रडतात तशी मी रडेन या भीतीने सगळे दुसरीकडे बघत होते. मला रडू आलं नाही.

मग नितीनने माझ्या हातात एक रॉड दिला. "ताई, एकदा टाक. विलासला बरं वाटेल."

"मला येत नाही रे."

"डिग्री लागत नाही. बंड्याकडे बघ, बारावी नापास आहे."

"तुझ्यापेक्षा दोन मासे जास्त आहेत माझ्या नावावर," बंडू म्हणाला. दोघं पुढच्या टोकाला गेले आणि थोड्याच वेळात त्यांच्या दोऱ्या एकमेकींत गुंतल्या. त्यावरून त्यांचं भांडण चाललेलं मला ऐकू येत होतं, तेवढ्यात माझा रॉड खाली वाकला.

इतकी ताकद मी कधी हातात धरली नव्हती. रॉडचा दांडा पोटात रुतला, रीळ नुसतं किंचाळत होतं. मला हाकही मारता येईना. तेव्हा डाव्या बाजूने कोणीतरी शांतपणे म्हणालं, "बाय, सैल सोड. ओढू नको. जाऊ दे त्याला… हं, आता घे."

मी सोडलं. मग घेतलं. परत सोडलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. दोरीवरची नजर मी हलवली नाही. मासा वर आला तेव्हा डावीकडून एक हात पुढे आला, त्यात लोखंडी आकडी होती, आणि मासा बोटीत पडला. हातभराहून लांब, करड्या पाठीचा, डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक पिवळट पट्टा.

काशिनाथ केबिनमधून बघायला आला. "ॲम्बरजॅक. गळवाले याच नावाने ओळखतात. आमच्या जाळ्यात कधीतरीच गावतो."

मी केबिनला टेकून बसले. मागच्या टोकाला एक जण आमच्याकडे पाठ करून मासा कापत होता. डोक्यावर टॉवेल, खाकी हाफपँट. खलाशी असेल, असं मी धरून चालले. पुढे लसणाचा वास सुटला, लाल मसाला आणि सोलं घातलेलं कालवण उकळायला लागलं, आणि माझ्या लक्षात आलं की मला दोन वर्षांत पहिल्यांदा भूक लागली आहे.

नवशाने ताटं मांडली. सहा.

"सहावं कोणाला रे? दर्याला?" नितीनने विचारलं.

"मासा कापला त्यांना," नवशा म्हणाला. "मी इंजिनात होतो. वर आलो तर तुकडे करून पाटी चुलीजवळ ठेवलेली."

"तो तुमचा दुसरा खलाशी ना?" बंडूने काशिनाथला विचारलं.

काशिनाथने हातातला घास खाली ठेवला. "माझा हा एकच आहे. मी म्हटलं, तुमच्यातला कोण तरी."

काशिनाथ उठला, फळ्या उचलून खालची बर्फाची खोली बघून आला. मग ते सहावं ताट त्याने भात-कालवणाने भरलं, हात जोडले आणि ताटासकट पाण्यात सोडलं. इंजिन चालू केलं. जेवला नाही.

नवशा सोडून आम्ही चौघांनीही त्याला पाहिलं होतं. पाठमोरा. तोंड एकानेही पाहिलं नव्हतं.

घरी येऊन पिशवी उघडली तर बाटलीच्या शेजारी वर्तमानपत्रातलं एक पुडकं होतं. बंडूने सकाळी वाचायला घेतलेला पेपर. सुतळी एकदा आडवी, दोनदा उभी, वर फास. मी ते लपवायला हवं होतं. पण आई दारातच उभी होती.

"कोणी बांधल्यान ह्यां?"

इथे माझी चूक झाली. आयुष्यभर मी विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देत आले. तिला सगळं सांगितलं.

तिने फक्त विचारलं, "त्येचा तोंड बघितलंस?"

"नाही."

"मगे तो नाय म्हणान कशी सांगतंस?"

तिने ओलं खोबरं वाटलं, तिरफळं टाकली आणि त्या तुकड्याचं कालवण केलं. पोटभर जेवली. मी समोर बसून बघत होते आणि वेड्यासारखी सुखावत होते, की झालं, सुटली. सकाळी भटजींना फोन लावू का विचारलं तर म्हणाली, "जित्या माणसाचे दिवस करूक नाय."

पुढच्या रविवारपासून ती टॅक्सी करून भाऊच्या धक्क्यावर जायला लागली. दादाचा फोटो घेऊन. बोटी लागल्या की प्रत्येक खलाशाला फोटो दाखवायची, डोक्यावर टॉवेल असला तर मागून खांदा धरून वळवायची. लोक समजून घ्यायचे, काही हसायचे. मी अडवलं की म्हणायची, "तुया नाय बघितलंस. मी बघतलंय." सव्वा वर्ष ती एकही रविवार चुकली नाही. या चैत्रात धक्क्यावर बर्फाच्या पाण्यात तिचा पाय घसरला आणि खुबा मोडला. त्यातून ती उठली नाही. शेवटच्या दिवशीही दादाचं ताट वाढलंस का, हेच विचारत होती.

आईचे दिवस झाले तेव्हा भटजींनी विचारलं, भावाचंही उरकून घेऊ या का? मला हो म्हणता आलं नाही. नाहीही म्हणता आलं नाही. बाटली फळीवर तशीच आहे, झाकणाभोवती मिठाची पांढरी कड आली आहे.

बंडू म्हणतो, उन्हाने भास झाला. चौघांना एकच? मग म्हणतो, शेजारून गेलेल्या एखाद्या बोटीवरचा माणूस असेल. पण आमच्याजवळ बोट आलीच नव्हती. 'बाय' मला घरात फक्त दादा म्हणायचा, पण धक्क्यावर कोणीही कोणत्याही बाईला म्हणतं. सुतळीचं मात्र मला काही सुचत नाही. पटेल असं कारण कोणी सांगितलं तर मी ऐकेन… आता त्याने काही बदलणार नाही.

तो माझ्या डाव्या हाताला उभा होता, हातभर अंतरावर. नुसती मान वळवली असती तर आईला एक उत्तर देता आलं असतं – आहे किंवा नाही. मी दोरीकडे बघत होते. त्याने सांगितलं होतं, सैल सोड. मी सोडलं.