उपाशीपोटीची गोळी

चहा पाजता अन् मंग माह्याच तोंडून माही फजिती काढता, हे तुमचं नेहमीचंच. सांगतो. पण मधात कोणी हसलं, तं उठून जाईन!

माही बायको पार्वता दोन वर्षांमागं विसरू लागली. भाजीत दोनदा मीठ. गाय दोहली का नाई, आठवेना. अन् थंडी वाजे, ते बी आमच्या सेलूच्या उन्हात! नेलं वर्ध्याले.

डॉक्टरीणबाई समजावणारी होती. म्हणे, "बाबा, मेंदूत काम करणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांना सांभाळणाऱ्या दुसऱ्या असतात. ह्या दुसऱ्या साखरेपासून ताकद तयार करून कामवाल्यांना पुरवतात. पण 'चूल पेटवा' हा हुकूम गळ्यातल्या थायरॉईड गाठीचं हार्मोन देतं. आजींचं ते कमी पडलंय. चुली मंद झाल्यात."

"म्हणजे वावरात डबाच पोचून नाई राह्यला!"

"अगदी बरोबर. ही हार्मोनची गोळी रोज सकाळी, उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत."

आता हार्मोन मले शिकवते का कोणी? चाळीस वर्षं वांगी लावून राह्यलो. फूल गळू नये म्हणून हार्मोन मीच फवारतो. अन् आमचा कायदा एकच. तहानल्या झाडावर औषध मारायचं नाई, पान जळते. आधी पाणी, मंग फवारा, तो बी दिवस उतरल्यावर. जे झाडाले करत नाई, ते बायकोले करू?

म्हणून रोज संध्याकाळी तिले पोटभर जेवू घालून, गिलासभर दुधासंगं गोळी देत गेलो. दूध मी स्वतः तापवलेलं!

"अजी, डॉक्टरीण तं सकाळी म्हणे ना?"

"तुले काय आठवते? पी चुपचाप!"

बिचारी पिये. अन् आणखीनच विसरे. डॉक्टरणीनं गोळी वाढवली, तसं मी दूध वाढवलं. गिलासाचा गडवा झाला, गडव्यावर साय आली! मधात नातीचं, रोशनीचं लग्न झालं.

एक दिवस वाडीतून घरी आलो, तं दारात पार्वता मले म्हणे, "बसा भाऊ. हे वावरात गेले, येतीनच आता."

बसलो. दुसरं काय करू? माहीच वाट पाहत बसलो.

मंग डॉक्टरणीनं इचारलं, "बाबा, गोळी कशासोबत देता?" मी छाती काढून सांगितलं. तिनं कपाळाले हात लावला. "दुधानं, जेवणानं ती गोळी अंगात नीट शिरतच नाही हो. वर्षभराचं औषध वाया गेलं."

आता सकाळी नुसतं पाणी. पार्वता मले ओळखते, शिव्या बी देते. पण ते वर्ष काही वापस आलं नाई. परवा लग्नाचे फोटो पाहून म्हणे, "अजी, मले काऊन नाई नेलं?"

"अवं, ही काय तू! माह्या बाजूले, हिरव्या लुगड्यात."

लय वेळ पाह्यलं तिनं. "दिसून तं मीच राह्यली. पण मी नवती तिथं."

अन् शेजारचा पांडुरंग गावभर सांगते, म्हाताऱ्यानं जन्मभर खेकसून खेकसून बायकोचं डोकं घालवलं. साफ खोटं! पन्नास वर्षं खेकसलो, ती ठणठणीत होती. जन्मात पह्यल्यांदा माया केली, तं एवढं नुकसान झालं. खेकसण्याचा काही दोष नवता. तवा माफी मागायची राह्यली आहे ती त्यानं, माह्याजवळ. पांडुरंगानं.