हसण्याबद्दल उपकार

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी दानार्पण झालं की उपकार मानायची वेळ असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं. कोणाच्या पोराला नोकरी लागलेली असते, कोणाची म्हैस व्यालेली असते. माझा नवरा गेल्यापासून मी मात्र उभी राहत नव्हते. पाळकांची, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांची, बायको मागून हळूच ढोसायची आणि मी ढिम्म बसून राहायची. ज्यानं माणूस उचलून नेला, त्याचेच वर उपकार मानायचे? देवाच्या घरात मला खोटं बोलवत नाही.

आमचे हे एक रविवार चुकवत नसत. नांदुऱ्याला जिनिंग मिलमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर होते, केसांत सदा रुई अडकलेली. तसेच उभे राहून म्हणत, "देवा, या हप्त्यात दुसरं काही भेटलं नाही, पन बायको एकडाव हसली. तुह्ये उपकार." सगळी मंडळी खिदळायची आणि मी पदरात तोंड लपवायची.

पुण्याकडून नवे पाळक आले तेव्हाची गोष्ट. आमच्या वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो. प्रार्थना चालवताना हे म्हणाले, "डोये झाका." पाळकांनी हळूच दुरुस्त केलं, "डोळे म्हणा, डोळे." ह्यांनी हात जोडले. "तुमचे डोळे असतीन जी साहेब, आमचे डोयेच हायेत. डोळे म्हनलं त इथं कोनी झाकाचंच नाही." पाळक स्वतःच इतके हसले की पुढची प्रार्थना दुसऱ्यालाच करावी लागली. हसणं ही उघड्या डोळ्यांची प्रार्थना, असं ह्यांचं म्हणणं होतं, आणि मला ते पटायचं.

बाहेर हसवायचे हे, पण घरी सांगायची मी. बाजारात, एसटीत, विहिरीवर जे दिसेल ते मी जपून आणायची आणि भाकरी थापता थापता सांगायची. गोष्ट अर्ध्यावर असतानाच ह्यांना हसू फुटायचं. शेवट कधी धड ऐकलाच नाही त्या माणसानं!

मग अकोल्याला ह्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. हसलं की टाके ओढायचे. "आता नोको सांगू व," म्हणाले, "टाके निघाले की सांगजो."

त्याच दिवशी एक माणूस वॉर्डात शिरला आणि समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचे पाय धरून "मामा, मामा" करत ढसाढसा रडायला लागला. म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी पाजलं, चांगली समजूत काढली, आणि मग विचारलं, "पन बाबू, तू हायेस कोन?" मी पदर तोंडात कोंबून बाहेर पळाले. हे झोपलेले होते. ही गोष्ट मी राखून ठेवली.

टाके निघालेच नाहीत. जखम चिघळली, विष अंगात भिनलं आणि हे गेले.

दफन करून घरी आलो. शेजारची म्हातारी माझ्या गळ्यात पडून रडली. "लई देवमानूस होता माय," म्हणाली. मग डोळे पुसून कानाशी लागली, "तुमच्यात तेरवी नसते म्हनतात. मंग जेवन कवा असते व?" तेवढ्या दुःखातही मला हसू आलं, आणि ह्यांना सांगायला मी मान वळवली. खाट रिकामी होती. कब्रस्तानात रडले नव्हते तेवढी मी तेव्हा रडले. म्हातारी बिचारी घाबरली, आपलंच काही चुकलं म्हणून.

गेल्या रविवारी मी उठले. कोणी ढोसलं नव्हतं. "ह्यांच्या हसण्याबद्दल देवाचे उपकार मानते," एवढं वाक्य घोकून आले होते आणि तेवढं नीट म्हटलंही. मंडळीनं आमेन म्हटलं. आता खाली बसायचं, तर बसवेना. तोंडातून निघून गेलं, "देवा, हसू तू लई देल्लं, मी नाही म्हनत नाही. पन माह्या दोन गोष्टी सांगाच्या राह्यल्या. त्या आता मी कोनाले सांगू?"