ट्रेलर मागे घेणारे चाचा

"गाडी मागं घ्याची असंन तं पयले खाली उतरा," असं म्हणून चाचा गाडीतून खाली उतरायचे. किल्ली खिशात, चपला पायरीवर, आणि अनवाणी पायांनी ती सगळी जागा चालून यायचे. दगड, मुळं, खड्डा, ओल, सगळं पायाखालून घालायचे. मग वर मान करून आडवी फांदी आहे का ते बघायचे. मग एक विडी. तोवर जमलेल्या लोकांचा उत्साह मावळलेला असायचा आणि चाचांना नेमकं तेच हवं असायचं. "पब्लिक कमी झाली का गाडी सरळ जाते," ते म्हणायचे.

पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला, एका तलावाकाठी आमचं पर्यटन केंद्र होतं. मी तिथे लिपिक. 'होतं' म्हणतो, कारण आता फक्त फलक उरला आहे.

त्या केंद्रात कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून चाकांवरची पाच घरं आली. आत पलंग, बेसिन, आरसा आणि एकदाही चालू न झालेलं गार हवेचं यंत्र. परदेशात म्हणे लोक अशी घरं मोटारीला जोडून रानात मुक्कामाला जातात. आमच्याकडे रानातच राहणाऱ्या लोकांनी ती बघायला गर्दी केली. खानावळ चालवणाऱ्या बाई शेजारच्या गोंड वस्तीतल्या. त्यांनी एका घराभोवती दोन फेऱ्या मारून विचारलं, "घराले चाकं काऊन लावले जी? लोक त्रास देते म्हनून पळून जाते का ते?"

पळून जाण्याची वेळ दर पावसाळ्यात यायचीच. तलावाकाठच्या जागा पक्क्या करायच्या राहून गेल्या होत्या. मृग लागला की तिथे चिखल. त्यामुळे पाचही घरं ओढून रस्त्याकडच्या शेडमध्ये ठेवायची आणि दिवाळीआधी पुन्हा आपापल्या जागी लावायची. नेणं सोपं होतं. लावणं म्हणजे तीस फुटी घर दोन सागांच्या मधून उलटं आत घालणं. त्यासाठी चाचा यायचे, राजुऱ्याहून, एका पिशवीत लुंगी आणि डबा घेऊन. खाणींची अवजड यंत्रं लांबलचक ट्रेलरवरून वाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आमची घरं त्यांना खेळणी वाटत असणार, पण तसं त्यांनी कधी दाखवलं नाही.

तुम्ही कधी ट्रेलर मागे घेताना पाहिला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, की ते काम माणसाच्या अकलेच्या विरुद्ध आहे. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की शेपूट उजवीकडे जातं. शिकलेली माणसं इथे हटकून चुकतात, कारण ती विचार करतात. चाचांचा तोडगा साधा होता. ते स्टिअरिंग खालून धरायचे, तळहात वर करून, जणू कोणी त्यावर काही ठेवणार आहे. "खालून धरला का हात जिकडं, शेपूट तिकडं. मंग डोकं लावाची गरजच नाई."

आमच्या ओढगाडीच्या पाठीवर एक गोल लोखंडी ताट होतं, त्यात घराची खुंटी बसायची. त्या ताटाला पाचवं चाक म्हणतात. चाचांचं त्याबद्दल स्वतंत्र मत होतं. "मांगच्या हुकाले बांधलेला ट्रेलर लवकर ऐकते. हा पाठीवर बसलेला हाय. हा उशिरा ऐकते, पन एकदा ऐकला का ऐकतच जाते. म्हनून सांगून झालं का लगेच हात सरळ कराचा." आणि बिघडलंच तर मागे-मागेच सुधारत बसायचं नाही. पुढे जायचं, सरळ व्हायचं, पुन्हा मागे यायचं. "मांगं जाता जाता चूक दुरुस्त कराले गेला का गाडी कोपरातून मोडते. मानूस बी."

हे शेवटचे दोन शब्द त्यांनी माझ्याकडे बघून म्हटले होते, असं मला तेव्हा वाटलं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, हे मला नंतर कळलं.

मागे उभं राहून इशारे करण्याचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या वर्षी त्यांनी एवढंच सांगितलं, "आरशात दिसशीन तिथी उभा राय. डावं-उजवं ओरडू नको. घर जिथी पाह्यजे त्या अंगाले जाऊन उभा राय, मी येतो तुह्या मांगं." दुसऱ्या वर्षी म्हणाले, "बाबू, उद्या पांढरा शर्ट घाल." मी घातला. मला वाटलं, उस्तादांची लहर. तिसऱ्या वर्षी म्हणाले, "उभा राय आन् बोलत राय."

"काय बोलू?"

"काई बी. हापिसातलं काई वाच. गप्प झाला का मी थांबतो."

मी टेबलावर हाताला लागलं ते परिपत्रक घेऊन आलो. कार्यालयीन वेळेत उपस्थिती व शिस्त याबाबतच्या सूचना. सागाच्या बुंध्याशी उभा राहून मी त्या मोठ्याने वाचत होतो आणि तीस फुटांचं घर माझ्या आवाजाच्या मागे हळूहळू, आज्ञाधारकपणे येत होतं. त्या परिपत्रकाचं इतक्या काटेकोरपणे पालन झालेलं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. खानावळीच्या बाई दारात उभ्या राहून ओरडल्या, "चाचा, माह्या चुलीत घालता का काय!"

"तुमची चूल तं मले वासावरून समजते बाई. डाळ करपून राह्यली."

डाळ खरंच करपत होती. सगळे हसले. मी हसता हसता थांबलो, आणि मी गप्प झालो म्हणून गाडीही थांबली.

त्या दुपारी मी चाचांच्या पुढे चहाचा ग्लास धरला. त्यांचा हात ग्लासाच्या चार बोटं डावीकडून आला आणि हवेत जरा वेळ थांबला. मी ग्लास त्या हातात दिला. मग त्यांनीच सांगितलं. काचबिंदू. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलंही जाईल.

"उजेड समजते. पांढरं समजते. बाकी सगळं धुक्यावानी हाय."

"चाचा, आणि तुम्ही गाडी चालवता?"

"चालवतो कुठी? रोडनं तुमचा ड्रायव्हर आनते. पुढं तं कोनी बी जाते बाबू, पुढं जाले डोळे लागते. मांगं जाले कोनालेच दिसत नाई. मी आन् डोळेवाला, तिथी दोघं बी सारखेच."

युक्तिवाद पटण्यासारखा होता, आणि मी तो पटवून घेतला, कारण मला तो पटवून घ्यायचा होता. हे चूक होतं. घराच्या मागे मी सोडून दुसरं कोणी असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे, पण नेहमी नंतर. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की वर्षातले हे चार दिवस सोडले तर या माणसाला कोणी उस्ताद म्हणत नाही. राजुऱ्यात पोराच्या घरी ते नुसते एका खाटेवर बसलेले म्हातारे होते. तेच एकदा म्हणाले होते, "घरी मले कोनी विचारत नाई, का चाचा, हे जाईन का इथून."

चौथ्या वर्षी साहेब बदलले आणि नव्या साहेबांना उद्घाटन हवं होतं. केंद्राचं उद्घाटन पूर्वीच झालं होतं, दोनदा. पण साहेब म्हणाले, पाचवं घर पाहुण्यांच्या समोर, टाळ्यांच्या गजरात जागेवर लावायचं. फीत त्याच्या दाराला. पाहुणे मोठे होते. त्यांच्याहून मोठा त्यांचा कटआउट होता, नऊ फुटी, पांढरेशुभ्र कपडे, हात जोडलेले. जंगलातला कार्यक्रम म्हणून प्रत्यक्षातले पाहुणे मात्र हिरवा शिकारी कोट आणि तसलीच टोपी घालून आले होते. झाडांपुढे उभे राहिल्यावर ते शोधावे लागत.

मी साहेबांना म्हटलं, काम आदल्या दिवशी उरकून घेऊ. साहेब म्हणाले, "मग त्यात नाट्य काय राहिलं?"

नाट्य पुरेपूर झालं. कर्ण्यावरून देशभक्तीची गाणी चालू होती, त्यात माझं वाचन कोणाला ऐकू जाणार? मी गाणी बंद करायला सांगितलं, कर्णेवाल्याने आवाज वाढवला. शेवटी मी घराला चिकटून चालत राहिलो आणि तळहाताने पत्रा बडवत राहिलो. चाचांनी एकदा घर पुढे नेलं, सरळ केलं, पुन्हा मागे घेतलं. दोन्ही सागांपासून वीत-वीत अंतर ठेवून ते आत जाऊन बसलं. मी बडवणं थांबवलं. टाळ्या पडल्या, आणि या वेळी त्या योग्य माणसाला पडल्या.

इथेच थांबायला हवं होतं. पण पाहुणे खूश झाले. ते कटआउटच्या शेजारी उभे होते. "त्या ड्रायव्हरला बोलवा," म्हणाले. शाल आणि नारळ दुसऱ्या कोणासाठी आणलेले होते, ते त्यांनी स्वतःच्या हातात घेतले. निवेदकाने चाचांना पुकारलं. मी घराच्या पलीकडे, गर्दीच्या मागे होतो. धक्के देत पुढे पोहोचेपर्यंत चाचा निघाले होते, ताठ, भरभर, एखाद्या डोळस माणसासारखे. हिरव्या कोटाच्या हातभर अंतरावरून ते पुढे गेले, कटआउटसमोर थांबले, वाकून सलाम केला आणि नारळासाठी दोन्ही हात पसरून उभे राहिले.

मग एकाला हसू फुटलं, आणि मग सगळ्या मांडवाला. वस्तीतली माणसं, पोलीस, कर्णेवाला, सगळे. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याने काय चपराक मारली! पाहुणे हसले नाहीत. त्यांनी नारळ बाजूच्या माणसाकडे दिला आणि ते निघून गेले. फीत तशीच राहिली.

साहेबांनी नोटीस माझ्याकडूनच टंकून घेतली. मान्यवरांचा जाहीर उपमर्द केल्याबद्दल आपणास यापुढे कामावर बोलावणे बंद का करण्यात येऊ नये. उत्तर तीन दिवसांत. ते उत्तर लिहून द्यायला चाचांना दुसरं होतं तरी कोण? आम्ही खानावळीच्या मागच्या ओट्यावर बसलो.

"चाचा, डोळ्यांचं सांगू. साहेब माणूस वाईट नाही. माफ करतील."

"माफ करन, मानतो. मंग गाडी देईन का?"

मी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"कोनीच नाई देनार. चंद्रपुरात नाई, गडचिरोलीत नाई. आंधळा ड्रायव्हर म्हनून एकदा लिवलं का झालं. मस्करी केली म्हनून काढलेले ड्रायव्हर लय हायेत. त्याईले काम भेटते."

"तुम्हाला भेटेल काम?"

ते हसले. "आन् तुह्यं काय? इतके दिवस आंधळ्याले मांगं घेऊन राह्यला तू. हे बी कागदावर येईन नं. तुले पोरंबाळं हाय. लिव, मस्करी केली."

मला पोरंबाळं होती, हे खरं. मी लिहिलं: 'मी सदर कृत्य गमतीने व जाणूनबुजून केले. त्याबद्दल मला खेद नाही.' 'खेद नाही' हे त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, खेद आहे असं लिहू, म्हणजे निदान शोभेल. ते म्हणाले, "मस्करी करनाऱ्याले खेद कसा राहीन? पक्कं लिव." शाईच्या पॅडवर मी त्यांचा अंगठा टेकवला आणि कागदावर आणला. त्यांना सही येत होती, पण ओळ दिसत नव्हती. मी खाली 'निशाणी डावा अंगठा' असं लिहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेला हा एकच कागद असा, की ज्यावर कोणी शंका काढली नाही.

पुढच्या हंगामात रीतसर प्रमाणपत्र असलेला ड्रायव्हर आला. त्याने एक साग सोलला, पाण्याची टाकी आडवी केली आणि घराचं दार आत दाबलं. त्यानंतर घरं शेडमधून निघाली नाहीत. त्यात आता पोत्यांचा आणि खुर्च्यांचा साठा आहे. बाई खानावळ बंद करून मोहाच्या दिवसांत फुलं वेचायला जातात, जशा पूर्वी जायच्या. माझी बदली झाली.

चाचा गेले, त्यालाही आता वर्ष होत आलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते राजुऱ्यात, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीवर. काम त्यांना मिळालं नव्हतंच. पण नाव झालं होतं. मंत्र्यासंत्र्यांची भर मांडवात टोपी उडवणारा म्हातारा म्हणून लोक बाहेरगावच्या पाहुण्यांना चाचा दाखवायचे.

मी गेलो तेव्हा चार-सहा जण बसलेले होते. "हे बाबू होते नं तिथी, विचारा याईले," चाचा म्हणाले. मग कोणीतरी म्हणालं, "चाचा, दाखवा नं एकदा, सलाम कसा ठोकला होता."

ते उठले. टपरीवाल्याने पातेल्याचं झाकण खाली ठेवलं आणि तो त्या कटआउटसारखा हात जोडून समोर उभा राहिला. चाचांनी सदरा सारखा केला, दोन पावलं टाकली. तेवढ्यात टपरीवाल्याला चहा उतू जाताना दिसला आणि तो झटकन स्टोव्हकडे पळाला. चाचा वाकले. जिथे कोणीच नव्हतं, तिथे त्यांनी मोठ्या अदबीने सलाम केला आणि दोन्ही हात पसरले.

लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. "रिकाम्या जागेले! वा चाचा, रिकाम्या जागेले!" एक जण मांडीवर थाप मारत म्हणाला.

चाचा चाचपडत बाकावर येऊन बसले. माझ्या दिशेने वाकून हळूच म्हणाले, "हासले नं सगळे?"

"हसले, चाचा."

"मंग बरं हाय. ये, बस." त्यांनी शेजारची जागा थोपटली. ती जागा रिकामी नव्हती. तिथे एक गृहस्थ चहा पीत बसले होते, आणि चाचांचा हात त्यांच्या गुडघ्यावर पडत होता. ते गृहस्थ हसायचे थांबले. त्यांनी चाचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते उठले, ग्लास घेऊन उन्हात जाऊन उभे राहिले, आणि मी त्या जागेवर बसलो.