परत केलेली गाडी

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामात नोकरी लागली तेव्हा मी जुनी गाडी घेतली. "एकाच डॉक्टरने वापरलीय," विकणारा म्हणाला. महिन्याभरात मॅट उचलली तर खाली पुराचा वाळलेला गाळ! त्याने सरळ हात वर केले. मग मी ग्राहक आयोगात केस टाकली, तारखांना ठाण्याला हेलपाटे मारले आणि जिंकलो. त्याने पैसे परत द्यायचे आणि मी गाडी. मूर्खासारखे पेढे वाटले मी!

परवा भिवंडीत त्याच्या दुकानासमोर तीच गाडी धुऊनपुसून उभी होती. एक जोडपं ती बघत होतं. "पुरात बुडालेली आहे ही, घेऊ नका!" मी ओरडलो.

विकणारा शांतपणे त्यांना म्हणाला, "हेच जुने मालक. फार जीव होता गाडीवर, म्हणून असं करतात."

बाई माझ्याकडे बघून समजुतीने हसली.